पडद्यावरचा तलाव

७ मार्च

अण्णा,

नमस्कार. आवडला तर घे, नाही तर पाकिटात परत ठेव.

सुखरूप पोचले. निघताना स्टुडिओच्या दारात उभा राहून तू जे बोललास ते माझ्या पक्कं लक्षात आहे. "जातेस तर जा. पण तिकडच्या माणसांबद्दल एक अक्षर मला कळवायचं नाही. फार तर देखावे कळव." मी हो म्हटलंय आणि शब्द पाळणार आहे. म्हणजे वहिनी गेल्यावर जिची वेणी तू डार्करूमच्या लाल दिव्यात घालायचास आणि जी आता जूनच्या पहिल्या शनिवारी लग्न करणार आहे, तिच्याबद्दल मी काहीही लिहिणार नाही. ज्याच्याशी करणार आहे त्याच्याबद्दल तर नाहीच नाही. तू त्या लग्नाला जाणार नाहीस असं अख्ख्या गल्लीला सांगून बसला आहेस, तेही मी इथं कुणाला सांगितलेलं नाही. या घरात माणसं आहेत, पण माझ्या पत्रात ती नसतील. असलीच तर देखावा म्हणून असतील.

फोनच करणार होते, पण इकडचा नंबर दिसला की तू फोन उशीखाली दाबतोस. पाकीट मात्र न फोडता ठेवणं तुझ्या रक्तात नाही. उजेडासमोर धरशील, हलवून बघशील, पुटपुटशील आणि मग फोडशील. म्हणून पत्र.

तर देखावा पहिला : धुकं. विमानातून ढग दिसले, ढगांखाली आल्यावर धुकं दिसलं. आगगाडी म्हणे तलावाच्या काठाकाठानं येते, जगातली माणसं त्यासाठी मुद्दाम येतात. मी खिडकीला नाक लावून बसले आणि मला माझं नाक दिसलं. बस्स.

देखावा दुसरा : एक सुतार. हा या घराचा मालक आहे. वरचा मजला त्यानं एका व्यक्तीला भाड्यानं दिला होता. ती व्यक्ती इथल्या दवाखान्यात एक्स-रे काढते. खाली सुतार आणि त्याचा उंच मुलगा राहतात. मुलगा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि दारातून वाकून येतो. भाडेकरू आणि मालकाचा मुलगा यांचं पुढे काय झालं ते मी कळवायचं नाही असं ठरलंय.

या सुताराला आपल्याबद्दल कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. मी पोचले तेव्हा घरात आम्ही दोघंच. त्यानं मला जेवणाच्या खोलीत नेलं आणि मोठ्या अभिमानानं जमिनीकडे हात केला. बघते तर काय, चांगल्या भक्कम लाकडाचं जेवणाचं टेबल, आणि त्याचे चारही पाय गुडघ्याखाली कापलेले! आपल्याकडची माणसं खाली बसून जेवतात असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बिचाऱ्यानं आदल्या दिवशी करवत काढली.

आणि मी? माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. गेली किती वर्षं मी खाली बसलेली तू पाहिली आहेस? उलट इथं लाज जाऊ नये म्हणून दोन महिने मी खुर्चीवर ताठ बसून काट्या-चमच्यानं भात खायचा सराव केला, तू हसत होतास तरी. पण माणसानं आपल्यासाठी टेबल कापलंय म्हटल्यावर काय करणार. बसले. माझ्यासोबत तोही बसला. त्याचे गुडघे माझ्याहून वाईट, खाली बसताना सुकलेल्या दारासारखा आवाज आला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. जेवण झालं तरी कुणी उठेना. मला वाटलं, यांच्यात यजमान आधी उठत असावा. त्याला वाटलं, आपल्यात पाहुणी आधी उठत असावी. शेवटी ती व्यक्ती ड्यूटीवरून आली, तिनं आम्हाला तसं बसलेलं पाहिलं आणि दाराला धरून हसायला लागली. मग आम्हाला एकेकाला काखेत हात घालून उठवलं.

तिचं हसणं अजून तसंच आहे. हे मी कळवत नाहीये, चुकून लिहिलं गेलं.

तुझी धाकटी


२० मार्च

अण्णा,

घड्याळजीनं कळवलं की तू पत्र वाचलंस. रागावू नकोस त्याच्यावर. शेजारच्या दुकानात बसतो, काचेतून दिसतं त्याला, करणार काय. म्हणाला, "एकदा वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. गिऱ्हाईक आलं तर म्हणाले, थांबा जरा." मध्येच, टेबलाच्या मजकुरापाशीच असणार, तू हसलास असंही त्याचं म्हणणं आहे. तू नाकारशील, म्हणून पुरावा मागत नाही.

त्याला आणखी एक सांग. त्यानं मला तीन महिने जे इंग्रजी शिकवलं ते फुकट गेलं. परदेश म्हणजे इंग्रजी अशी आपल्या दोघांची समजूत! या सुताराला इंग्रजीचा गंध नाही. पहिल्या दिवशी मी त्याला "हाऊ डू यू डू" म्हटलं तर त्यानं मला पाणी आणून दिलं. आता मी सरळ मराठीत बोलते आणि तो त्याच्या भाषेत बोलतो. समजलं नाही की मी तेच मोठ्यानं सांगते. तोही तेच करतो. आम्ही दोघं एकमेकांना बहिरे समजतो असं रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटत असेल. पण काम अडत नाही. टेबलाचे कापलेले तुकडे त्यानं परत पायांना जोडले, तेव्हा मी डिंकाचा डबा धरून बसले होते. सांधे दिसतात, पण टेबल हलत नाही. उगाच भलतंसलतं मनात आणू नकोस. मी फक्त डबा धरला होता.

आता मुख्य देखावा. अण्णा, धुकं हटलं!

सकाळी वरच्या खिडकीचा पडदा सारला आणि मी हातातली कपबशी खाली ठेवली. समोर आपला तलाव. आपला म्हणजे तुझा, स्टुडिओतला. तो बर्फाचा डोंगर, वाकलेल्या खांद्याचा. पाण्यावरचा तो लाकडी पूल आणि पुलाच्या टोकाला तो घड्याळाचा मनोरा, टोपी घातल्यासारखा. कॅलेंडरवरून तू रंगवून उतरवलेला, फोटोमागचा पडदा. त्याच्यासमोर आपण अख्ख्या गावाचे फोटो काढले. नवरानवरी, बारशाची बाळं, नोकरीच्या अर्जाचे उमेदवार, रिटायर झालेले मास्तर, सगळे या पुलाशेजारी उभे राहून गेले. आणि एक मुलगी दर वाढदिवसाला. आधी मनोऱ्याच्या दाराएवढी, मग खिडकीएवढी, मग घड्याळाएवढी. घड्याळाच्या वर डोकं गेलं त्या वर्षी ती इकडे आली.

मी बराच वेळ बघत होते. काहीतरी खटकत होतं. डाव्या पायात उजवी चप्पल घातल्यावर कसं होतं, तसं. मग लक्षात आलं.

अण्णा, घट्ट बस. तुझा पडदा उलटा आहे.

आपल्या पडद्यावर मनोरा उजवीकडे आहे. इथं तो डावीकडे आहे. डोंगराचा वाकलेला खांदा आपल्याकडे डावा, इथं उजवा. तू म्हणशील, फोटो पलीकडच्या काठावरून घेतला असेल. मी चौकशी केली. पलीकडे सरळ कडा आहे, बकरीलासुद्धा उभं राहायला जागा नाही. शिवाय तिथून डोंगर पाठीमागे जातो. तेव्हा पळवाट नाही. कॅलेंडर छापणाऱ्यानं फिल्म उलटी लावली आणि तू ती तशीच्या तशी, काडीचाही फरक न करता, पडद्यावर उतरवलीस.

आठवतं, मी एकदा मास्तरांची निगेटिव्ह उलटी लावली आणि त्यांचा भांग दुसऱ्या बाजूला गेला? केवढा तमाशा केला होतास! "ज्याला डावं-उजवं कळत नाही त्यानं डार्करूमची पायरी चढू नये." आता बोल. मास्तरांचा नुसता भांग होता, तू अख्खा डोंगर फिरवलास.

त्या व्यक्तीला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी विचारलं, बाबांना कळवलं का नाहीस? ती म्हणाली, "त्यांना वाईट वाटलं असतं गं." एक्स-रे खात्यातली मुलगी आहे ती. डावं-उजवं चुकलं तर भलत्याच पायाला प्लास्टर बसेल.

एकच गोष्ट या घरात मला पटलेली नाही. जेवणाच्या खोलीत, खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, या लोकांनी एक भलाथोरला आरसा लावलाय. जेवताना स्वतःची तोंडं बघतात की काय? परदेशी माणसं नटवी असतात असं तू म्हणतोस, त्यात थोडं तथ्य असावं.

तुझी धाकटी


११ एप्रिल

अण्णा,

आज देखावा नाही. आज मला राग आलाय.

तू म्हणाला होतास, "त्या लोकांना नाती कळत नाहीत. पोर तिथं परकी होऊन राहील आणि आपल्याला कळणारही नाही." मी तेव्हा तुला वेड्यात काढलं होतं. आज वाटतंय, तुझंच खरं होतं की काय.

टेबल उंच झालं, खुर्च्या परत आल्या, सगळ्यांच्या जागा ठरल्या. सुतार एका बाजूला, उंच मुलगा दुसऱ्या बाजूला, मला खिडकीकडे तोंड करून मानाची जागा. आणि तिला? तिला खिडकीकडे पाठ करून. अण्णा, ज्या तलावासाठी माणसं समुद्र ओलांडून येतात तो पाठीमागे, आणि समोर भिंत. रोज. दोन्ही वेळा. पहिले काही दिवस मी म्हटलं, असेल काहीतरी. मग मला दुसरं काही दिसेनाच. दवाखान्यात दिवसभर अंधाऱ्या खोलीत उभी राहते पोर, घरी येते आणि तिला भिंतीकडे बसवतात. आपल्या घरात कोपऱ्यातली जागा कुणाला देतात ते तुला माहीत आहे.

तिला विचारलं तर म्हणे, "मला तिथंच आवडतं, आत्या." सासरी गेलेल्या मुली असंच म्हणतात. हिनं तर लग्नाआधीच सुरुवात केली.

आज ती कामावर असताना मी तिची खुर्ची उचलली आणि माझ्या खुर्चीशेजारी, खिडकीसमोर नेऊन ठेवली. सुतार धावत आला. मान हलवत, बोट नाचवत त्यानं खुर्ची उचलली आणि होती तिथं नेऊन ठेवली. मी पुन्हा आणली. त्यानं पुन्हा नेली. मग मी मराठीत जे काय बोलले ते लिहीत नाही, तू मोठा आहेस. तर या माणसानं काय करावं? माझ्याकडे बोट केलं आणि मग भिंतीवरच्या आरशाकडे बोट केलं! एकदा नाही, दोनदा. म्हणजे काय, आरशात तोंड बघ! मला! ज्या बाईनं त्याचा डिंकाचा डबा धरला तिला!

मी वर निघून आले आणि दार लावून घेतलं. खालून हाका मारतोय. मी काही जात नाही. हे पत्र आत्ताच्या आत्ता पेटीत टाकणार आहे, मग शांत होईन.

अण्णा, लग्नाला दोन महिनेसुद्धा नाहीत. तिला घेऊन येऊ का परत?

धाकटी


१२ एप्रिल

अण्णा,

कालचं पत्र फोडलं असशील तर फाडून टाक. फोडलं नसशील तर... पण तू फोडलं असणारच. मी सकाळी पोस्टात गेले होते परत मागायला. खिडकीतल्या बाईला हातवारे करून सांगितलं की पेटीतलं पाकीट बाहेर काढा. तिनं मला तिकिटं दिली. ती याच पाकिटाला लावली आहेत, म्हणून एवढी दिसतायत.

आता नीट सांगते.

काल संध्याकाळी ती कामावरून आली. सुतारानं तिला दारातच गाठून सगळं सांगितलं. ती वर आली आणि मला हाताला धरून खाली घेऊन गेली. मी तोंड फुगवून होते. तिनं मला तिच्या खुर्चीवर बसवलं. भिंतीकडे तोंड करून. म्हणाली, "आत्या, समोर बघ."

समोर आरसा होता. आरशात मी नव्हते. आरसा उंच लावलाय, आणि किंचित कललेला. त्यात पाठीमागची खिडकी होती आणि खिडकीत तलाव होता. मनोरा उजवीकडे. डोंगराचा वाकलेला खांदा डावीकडे. पूल तसाच, आपल्या स्टुडिओतल्या स्टुलाच्या मागे असतो तसा.

अण्णा, तुझा पडदा होता.

मी त्या खुर्चीवर बसून रडले, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही असं मला वाटतं. ती माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "इथं आले तेव्हा खिडकीतून बघवायचं नाही. सगळं तेच आणि सगळं चुकलेलं. बाबा म्हणायचे ना, खांदा इकडे, हनुवटी खाली, नजर मनोऱ्याच्या दारावर. त्या बाजूला मनोराच नव्हता." मग एके दिवशी हिनं केस विंचरताना छोट्या आरशात पाठीमागची खिडकी बघितली. जेवायला ती खालीच असायची, म्हणून दुसऱ्या दिवशी खाली जाऊन सुताराला विचारलं की जेवणाच्या खोलीत एक मोठा आरसा लावू का. तेव्हा ती नुसती भाडेकरू होती, सून वगैरे कुणी नव्हती. त्यानं का म्हणून विचारलं. हिनं मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. त्या माणसानं स्वतः चौकट केली, तिला खुर्चीवर बसवून आरसा वर-खाली, इकडे-तिकडे करत राहिला, आणि ती "बस" म्हणाली तेव्हाच खिळे ठोकले. तेव्हापासून त्या खुर्चीवर तो कुणालाही बसू देत नाही आणि कुणालाही ती हलवू देत नाही. खुर्चीच्या पायांखाली त्यानं खुणासुद्धा करून ठेवल्यायत.

आणि मी त्याला काय काय बोलले! तो मला सांगत होता, बाई, तुम्ही इथं बसा आणि आरशात बघा. मी आपली माझ्या डोक्यातला अर्थ लावून बसले. दुसऱ्या कुठल्या माणसाला आरसा दाखवला असता तर तो आरशात बघून मोकळा झाला असता. मराठी बाईला दाखवला की ती दार लावून घेते. रात्री जेवताना मी त्याला माझ्या वाटणीचं गोड दिलं. त्यानं ते घेतलं आणि आरशाकडे बोट करून इतका हसला की त्याला ठसका लागला.

आता मी तुझी अट मोडणार आहे. देखावे संपले.

बटण बरी आहे, अण्णा. हो, बटण. तू ठेवलेलं नाव. कॅमेऱ्याचं बटण दाबायला मिळावं म्हणून जी स्टुलावर चढायची, ती तुझी बटण. थोडी बारीक झालीय. केस कापलेत, तुला आवडणार नाहीत. उंच मुलगा चांगला आहे. तिची ड्यूटी उशिरापर्यंत असली की दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि तिच्याशी बोलताना गुडघ्यात वाकतो, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये. लग्न तलावाच्या धक्क्यावर आहे, मोजकी माणसं. तिनं एक खुर्ची पुढे वेगळी मांडायची ठरवलीय. मी विचारलं, ती कुणाची? म्हणाली, "असू दे." तू येणार नाहीस हे तिला ठाऊक आहे. घड्याळजीचं तोंड तुला माहीत आहे.

तू नटवी माणसं आणि नाती आणि रीतभात असं पुष्कळ बोललास. मी सगळं ऐकून घेतलं. पण खरं कारण तू एकदाच बोललास, पडदा गुंडाळताना, माझ्याकडे न बघता. "त्यांच्या घरात मी काय मुक्यासारखा बसू? माझ्याच पोरीच्या लग्नात मला दुसऱ्यानं सांगावं लागणार, काय चाललंय ते?" त्याचं उत्तर मला आज सुचतंय.

अरे, तू इथं तरी कुठे बोलतोस? सगळा जन्म तू माणसांशी "हलू नका" या दोन शब्दांवर काढलास. लग्नं, बारशी, मुंजी, सगळीकडे तू गेलास आणि एवढंच बोलून जेवून आलास. कुणाला वाटलं का तू मुका आहेस? आणि ते दोन शब्द इथं सगळ्यांना येतात. बटणनं शिकवलेत. सुतार लाकडाला डिंक लावून दाबून धरतो आणि फळीला दम देतो, "हलू नका!" उच्चार ऐकशील तर पोट धरून हसशील.

आणि तेही सोड. तुझा पडदा उलटा आहे हे मी आता इथं सगळ्यांना सांगितलंय. परत आल्यावर गल्लीतही सांगणार आहे. मास्तरांनाही. तुला तोंड लपवायला जागा ठेवणार नाही. खोटं वाटत असेल तर ये आणि माझी चूक दाखव. पासपोर्ट तुझ्या कपाटात खालच्या खणात आहे, बटण पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तूच काढून ठेवलेला. बाकीचे कागद तिनं केव्हाच घड्याळजीकडे पाठवून ठेवलेत. तो लपवून बसलाय, तू विचारायची वाट बघत.

विचार त्याला.

तुझी धाकटी


१८ मे

अण्णा,

तुझ्या मौनानं माझं अर्धं रक्त आटवलं. घड्याळजीनं कळवलं, "दोन पाकिटं एकाच दिवशी आली. दुपारी दुकान बंद केलं. आतून ठोकाठोकीचा आवाज. काचेतून बघितलं तर पडदा भिंतीवरून उतरवलाय." एवढंच. पुढे काही नाही. मी धसकाच घेतला. म्हटलं, फाडला. उलटा म्हणून मी नको तितकं चिडवलं आणि ह्या माणसानं तो पडदा फाडला. बटणला काही बोलले नाही. चार दिवस मला जेवण गेलं नाही. सुतारानं माझ्या तोंडाकडे बघून खुर्चीचे पाय तपासले, त्याला वाटलं खुर्ची बोचते.

आणि काल तुझं पत्र आलं. माझ्या नावावर नाही, तिच्या नावावर. तुझं अक्षर बघून तिनं पाकीट फोडलंच नाही आधी. उजेडासमोर धरलं, हलवून बघितलं. अगदी तू. मग फोडलं. आत तीनच वाक्यं, शेंगदाण्याएवढ्या अक्षरात :

"पडदा बरोबर आहे. तुमचा तलाव उलटा आहे. पडदा घेऊन येतो, शेजारी धरून दाखवतो."

अण्णा, तू कसला हट्टी आहेस रे! जन्मात कधी हरला नाहीस, आताही हरणार नाहीस. ती वाक्यं तिनं मोठ्यानं वाचली, हसली, परत वाचायला गेली तर शेवटचे शब्द तिला वाचता येईनात. उंच मुलानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, काय झालं? मी हातांनी दाखवलं. एक माणूस, काखेत लांब गुंडाळी, येतोय. त्याला समजलं. सुतारालाही समजलं, कारण तो तडक उठून वखारीत गेला आणि एक लांब बांबूएवढी काठी तासायला बसला. पडदा टांगायला. धक्क्यावर, मनोऱ्यासमोर, बरोबर तुझ्या पडद्याच्या मापाची. माप बटणनं सांगितलं, तिला ते पाठ आहे. लग्नाचा फोटो त्या पडद्यासमोर निघणार. खरा तलाव मागे आणि त्याच्यापुढे तुझा. बघणाऱ्यांना आपण वेडी माणसं वाटू, वाटू दे.

घड्याळजी म्हणतो व्हिसा हातात पडला. आता ऐक. पडदा नव्या चादरीत गुंडाळ, विमानवाल्यांशी भांडू नकोस, सामानात दे. गाडीत डाव्या हाताच्या खिडकीशी बस. धुकं असलं तर नाक लावू नकोस, काही दिसत नाही. शेवटचा टप्पा बोटीचा आहे, ती बरोबर मनोऱ्याखाली लागते. सुताराला नमस्कार कर, तो हात पुढे करेल. दोन्ही एकदम झालं तरी चालेल. खाली बसायला सांगितलं तर मात्र ठाम नाही म्हण, नाही तर तो पुन्हा करवत काढेल.

आणि एक शेवटचं. आज जेवायला बसताना बटणनं आपली खुर्ची उचलली, खुणांवरून बाहेर काढली आणि फिरवून खिडकीकडे तोंड करून बसली. सुतार उठायला लागला, मी त्याला हातानं थांबवलं. म्हटलं, का गं, आज तलाव सुलटा बघवतो?

तर म्हणाली, "बोट त्या बाजूनं येते ना."

वाट बघतोय.

तुझी धाकटी